उदगीरच्या रेषेतली फट

धम्मप्रिया नांदेडच्या ज्या दवाखान्यात कामाला होती, तिथल्या पेशंटना ती कधी दिसत नसे. तळमजल्यावर औषधांच्या गोदामाला लागून एक अरुंद खोली होती. तिथं तिचं टेबल, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन. स्क्रीनवर दिवसभर हिरव्या, निळ्या रेषा हळूहळू उजवीकडं सरकत राहायच्या. गोदामातली माणसं येता-जाता म्हणायची, "ताई, शेअर बाजार चढला का?" ती हसून म्हणायची, "मुदखेड चढलंय. ओपीडीला गर्दी हाय."

दवाखाना मोठा नांदेडला, आणि त्याची लहान केंद्रं मुदखेड, उदगीर, निलंगा अशी पसरलेली. एक्स-रे त्या त्या गावात काढायचा, पण तो वाचणारे डॉक्टर नांदेडला बसायचे. फोटो लाइनीवरून नांदेडला यायचा आणि थोड्या वेळात रिपोर्ट परत जायचा. लाइन तुटली की तिकडं कुणीतरी मोडका हात मांडीवर धरून बाकावर बसून राहायचं. ही लाइन सांभाळणं धम्मप्रियाचं काम.

तिचे वडील रामकिशन मुदखेडला रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. धम्मप्रियानं नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि पहिली काही वर्षं एका केबलवाल्याकडं काढली. गच्च्यांवर चढून वायर ओढायची. दार उघडणारा माणूस तिच्या मागं डोकावून विचारायचा, "टेक्निशियन कुठाय?" ती बॅग खाली ठेवून म्हणायची, "आलाय. शिडी हाय का तुमच्याकडं?" तिथून ती दवाखान्यात आली.

ती आली तेव्हा लाइन बंद पडल्याचं कळायची एकच पद्धत होती, कुणीतरी फोन करून ओरडायचं. तिनं बिलिंग काउंटरवरून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर मागून घेतला, त्यावर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर चढवलं. इंटरनेटवर वाचत, चुकत, पुन्हा पुसून मांडत ती ते शिकली. ते सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक केंद्रातल्या मशिनीला हाक मारायचं. चालू आहेस का? किती डेटा गेला, किती आला? शेवटचं चालू होऊन किती वेळ झाला? मशीन उत्तर द्यायची, त्या उत्तराचा एक ठिपका पडायचा, आणि ठिपक्यांची रेष व्हायची.

या रेषांचा तिला लळा लागला. आठवडी बाजाराच्या दिवशी निलंग्याची रेष सकाळपासूनच वर असायची, कारण खेड्यांतली माणसं बाजारासोबत दवाखानाही उरकून घ्यायची. मुदखेडची रेष सकाळची गाडी येऊन गेली की उठायची. उदगीरची सावकाश चढून सावकाश उतरायची. घरी आई, सरजाबाई, भाजी निवडत विचारायची, "आज काय म्हनली तुझी गावं?" आणि ती खरंच सांगायची.

हळूहळू ऑफिसातही तिच्या रेषांना वजन आलं. प्रशासन सांभाळणारे राघवेंद्र सर तसे वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना भांडणं लवकर मिटलेली आवडायची. एकदा निलंग्याचे डॉक्टर आणि नांदेडचे डॉक्टर, फोटो कुणामुळं उशिरा आला यावरून हमरीतुमरीवर आले होते. धम्मप्रियानं ग्राफ दाखवला आणि दोघंही गप्प झाले. त्या दिवसापासून कुठलीही तक्रार आली की सर म्हणायचे, "थांबा. ग्राफ काय म्हणतो?" तिला ते ऐकायला बरं वाटायचं. का वाटू नये? गच्च्यांवर तिच्या मागं टेक्निशियन शोधणारी माणसं तिच्या चांगली लक्षात होती.

एप्रिलमध्ये उदगीरच्या रेषेत फट पडू लागली.

रोज दुपारी. रेष नीट चालत यायची, मग एक पांढरी रिकामी जागा, आणि पुढं पुन्हा सुरू. फट फार मोठी नसायची, पण नेमकी त्याच वेळी एखादा फोटो अर्ध्यात अडकायचा आणि ओरड व्हायची. धम्मप्रियानं शोध घेतला. प्रत्येक फटीनंतर राउटरचा, म्हणजे लाइन जोडणाऱ्या तिथल्या मशिनीचा, चालू असल्याचा वेळ शून्यावर आलेला. म्हणजे मशीन आपोआप बंद पडली नव्हती, तिची वीज तोडली गेली होती. लाइट गेली होती का? इन्व्हर्टरचा ग्राफ सपाट होता, लाइट होती. मग उरला माणसाचा हात.

तिनं उदगीरच्या पाळ्या मागवल्या. दुपारी डॉक्टर जेवायला जायचे, बाकीचेही पांगायचे. त्या भागात एकटा शिपाई असायचा, केरबा. केरबाची सुट्टी रविवारी. आणि रविवारची रेष सलग, एकही फट नाही.

तिनं एका पानाचा रिपोर्ट केला. वर ग्राफ, खाली पाळ्या, आणि शेवटी एक वाक्य: 'दुपारच्या पाळीतल्या व्यक्तीकडून उपकरण हातानं बंद केलं जात असल्याचं दिसतं.' नाव तिनं लिहिलं नाही. पाळीत नाव एकच होतं.

दर सोमवारी सगळ्या केंद्रांची फोनवर मीटिंग व्हायची. चारही गावांची माणसं स्पीकर लावून बसायची. त्या सोमवारी राघवेंद्र सरांनी उदगीरला सांगितलं, "केरबाला बोलवा फोनपाशी." पावलं वाजली, खुर्ची सरकली.

"केरबा, त्या खोलीतली मशीन तुम्ही बंद करता?"

"हाव साहेब, करतो. पन..."

"बस. झालं." सर म्हणाले. "तिचा प्लग काढून मोबाइल लावता ना? चार्ज करायला दुसरी जागा नाही का दवाखान्यात? तिकडं पेशंट ताटकळतात, कळतं का?"

सर पुढच्या विषयावर गेले. आठवडाभरात केरबाची निलंग्याला बदली झाली. राउटरच्या खोलीला कुलूप लागलं, चावी केंद्राच्या डॉक्टरांकडं गेली. कुणी मशिनीला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. धम्मप्रियानं उदगीरची तक्रार बंद केली आणि दुसऱ्या कामाला लागली.

दोनच दिवसांनी दुपारी उदगीरची रेष गेली. धम्मप्रिया पाहत होती. आता येईल, पुढच्या ठिपक्याला येईल. रेष आली नाही. पांढरी जागा लांबत गेली.

फोन वाजला. उदगीरची एक्स-रे काढणारी मंजुश्री होती. "मॅडम, लाइन गेली. खिडकीतून दिवे लागलेले दिसून राहिलेत मशिनीचे, पन फोटो काही जाईना."

"हँग झाली असेल. बंद करून चालू कर."

"कसं करू? खोलीला कुलूप, चावी डॉक्टरसाहेबांकडं, आन् साहेब दुपारचं त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात असतात. फोन उचलून नाही राहिले." मग मंजुश्री सहज बोलून गेली, "पहिले केरबामामाच करायचे हे रोज."

धम्मप्रियानं माउस सोडून फोन कानाशी घट्ट धरला. "काय करायचे?"

"हेच. मशीन अडकली की बंद करायचे, थोडी थंड होऊ द्यायचे, मग चालू. तुम्हाला म्हाईत असेल म्हणून..."

फोनमध्ये मागून कुणीतरी कण्हत होतं, मधेच कानडीत देवाचं नाव घेत होतं. "कोण आहे?" धम्मप्रियानं विचारलं.

"पार्वतम्मा म्हणून आजी हायत, देवणीच्या तिकडच्या. अंगणात घसरल्या. खुब्याचं दिसतंय मला, पन मी कसं सांगू? रिपोर्ट आल्याशिवाय हलवता येईना."

डॉक्टर परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. कुलूप उघडलं, मशीन पुन्हा चालू झाली, फोटो आला. खुबा मोडला होता. आजींना लातूरला नेऊन ऑपरेशन झालं आणि पुढं त्या काठी घेऊन चालूही लागल्या. पण ती अख्खी दुपार त्यांनी लोखंडी बाकावर, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून काढली होती. स्क्रीनवर त्या दुपारच्या जागी काहीच नव्हतं, नुसता कोरा पट्टा.

संध्याकाळी मुदखेडला घरी आल्यावर ती जेवायला बसली आणि भाकरी नुसती कुस्करत राहिली. रामकिशननं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. म्हातारा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला.

"त्या मान्साला इचारलं व्हतं का तू?"

"बाबा, ग्राफमध्ये स्वच्छ दिसत होतं."

"दिसत व्हतं म्हनून इचारलं न्हाई?"

तो तुकडा आमटीत बुडवून जेवू लागला. धम्मप्रियाला मात्र मीटिंगमधला तो 'पन' आठवला. सरांनी तोडला होता हे खरं. पण तो तिनंही ऐकला होता, आणि ऐकून समोरच्या कागदावर पेनानं बरोबरची खूण केली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं उदगीरला जायची परवानगी मागितली. "एका राउटरसाठी?" राघवेंद्र सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसल्या जागी सगळं दिसतं म्हणून तर ते सॉफ्टवेअर आहे ना?"

"सगळं नाही दिसत, सर," ती म्हणाली.

कंधार, जळकोट करत एसटी उदगीरला पोचली तेव्हा ऊन रणरणत होतं. मंजुश्रीनं चावी मागून ठेवली होती. खोली म्हणजे कोनाडाच होता. आत पाऊल टाकताच भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. राउटरचं कपाट ज्या भिंतीला टेकून होतं, त्या भिंतीला धम्मप्रियानं तळवा लावला आणि झटकन काढून घेतला.

"पलीकडं काय आहे?"

"अवजारं वाफेवर निर्जंतुक करायची मशीन. मार्चमध्ये इकडं हलवली, पहिली खोली गळत होती ना. सकाळचं सगळं आटोपलं की दुपारी लावतो आम्ही."

"आणि रविवारी?"

"रविवारी ओपीडीच नसते. कशाला लावायची?"

धम्मप्रिया तिथंच कपाटाला हात टेकून उभी राहिली. खाली एक स्टूल होतं, आणि स्टुलावर खोक्याचा एक पुठ्ठा, कडेला झिजून मऊ पडलेला.

"हे मामांचं," मंजुश्री म्हणाली. "मशीन तापली की ते आधी इथं बसून तिला वारा घालायचे. आम्ही हसायचो. म्हणायचो, मामा, लेकराला झोपवून राहिले का? मग तरीही अडकली तर बंद करायचे. आधी इथं जे इंजिनियर होते ना, त्यांनीच त्यांना शिकवलं होतं तसं."

धम्मप्रियानं लॅपटॉप जोडला. राउटर स्वतःचं तापमान मोजत होता, पहिल्यापासून मोजत होता. तिच्या सॉफ्टवेअरनं कितीतरी प्रश्न विचारले होते, हा एक विचारला नव्हता, कारण तिनं तो त्याला सांगितलाच नव्हता. तिनं तो घातला. वाफेची मशीन सुरू झाली आणि थोड्याच वेळात एक नवी रेष वर चढायला लागली, आधी सावकाश, मग चांगलीच तरारून.

नांदेडला परतायच्या ऐवजी तिनं निलंग्याची एसटी धरली.

केरबा निलंग्याच्या केंद्रात दारापाशी बसून पेशंटना नंबर देत होता. पन्नाशी उलटलेला, सुकलेल्या अंगाचा, पांढरी टोपी नीट बसवलेली. तिनं आपण कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला. तिला ते फार लागलं.

"बसा ना, मामा."

"न्हाई, तुम्ही बोला म्याडम."

"तुम्ही सांगितलं का नाही, मशीन का बंद करता ते?"

"सांगून राहिलो व्हतो की. साहेब बस म्हनले." तो राग न धरता बोलत होता, जणू दुसऱ्या कुणाबद्दल. "म्या बंद करीत नव्हतो, बाई. चालू करीत व्हतो. चालू कराया आधी बंद करावं लागतंय."

"चूक माझी झाली," ती म्हणाली. "तो रिपोर्ट मी केला होता. तुम्हाला न विचारता."

केरबानं टोपी काढून पुन्हा घातली. मग एकदम विचारलं, "तुमच्या मशिनीत म्या कसा दिसत व्हतो?"

तिनं मोबाइल काढला, एप्रिलमधला एक दिवस उघडला, आणि हिरव्या रेषेतली पांढरी फट बोटानं दाखवली. तो वाकून बघत राहिला.

"ह्यो मी?"

"हो."

"एवढासाच?"

"तुम्ही गेल्यावर असं झालं," ती म्हणाली आणि पार्वतम्मांच्या दुपारचा कोरा पट्टा दाखवला. केरबानं तो पाहिला. त्याला आनंद झालेला तिला दिसला नाही. "कोन व्हतं तवा दवाखान्यात?" एवढंच त्यानं विचारलं, आणि आजींचं ऐकून च्च केलं.

"मी सरांशी बोलते. तुम्ही उदगीरला परत या."

"येईन की. घर तिथं, बायको तिथं. पहाटेची गाडी धरून इकडं येनं लई जड जातंय." तो थांबला. "पन बाई, साहेब मला बोलले ते समद्यासमोर. मंजुश्रीबाई व्हत्या, डॉक्टर व्हते, झाडूवाली व्हती. आता आर्डर काढतील, केरबाला परत पाठवा म्हनून. आर्डर कोन वाचतंय? गावात मानसं मला मोबाइल चार्ज करनारा केरबा म्हनून राहिलेत."

तिनं मान हलवली. एक गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि तिला ती नकोशी वाटत होती.

नांदेडला आल्यावर तिनं राघवेंद्र सरांना तापमानाचा ग्राफ दाखवला. पलीकडच्या वाफेच्या मशिनीचंही सांगितलं. "भिंत," ते स्वतःशीच म्हणाले. मग, "बरं. कपाट हलवून घ्या. केरबाची ऑर्डर मी आजच काढतो. उगाच बोभाटा नको."

सोमवारची मीटिंग सुरू झाली. मुदखेड झालं, निलंगा झालं. उदगीरचा विषय आला तेव्हा सर म्हणाले, "तो प्रश्न तांत्रिक होता, सुटलाय." ते पुढं जाणार तेवढ्यात धम्मप्रिया बोलली.

"सर, एक मिनिट. उदगीरचा रिपोर्ट मी केला होता आणि तो चुकीचा होता. केरबामामा मशीन बंद पाडत नव्हते. ती उष्णतेनं अडकायची आणि ते ती रोज चालू करायचे. ते होते म्हणून लाइन लगेच परत यायची. मी त्यांना विचारलं नाही. हे निलंग्यालाही ऐकू जातंय ना? मामा आहेत का तिथं?"

निलंग्याहून कुणीतरी म्हणालं, "हायत. ऐकून राहिलेत."

मग उदगीरहून मंजुश्रीचा आवाज आला, "आम्हाला म्हाईत होतं, मॅडम. आम्हीबी बोललो न्हाई त्या दिवशी."

मीटिंगनंतर सरांनी तिला बोलावलं. "हे आधी मला एकट्याला सांगायचं होतं."

"त्यांना आपण एकट्याला बोललो नव्हतो, सर."

सरांनी पुढची फाइल ओढून घेतली. रागावले की काय, तिला कळेना. पुढच्या महिन्यात ते उदगीरला गेले तेव्हा केरबाला शेजारी बसवून चहा घेतला, काय बोलले ते ऐकू आलं नाही, असं मंजुश्रीनं सांगितलं. सरांनी स्वतः त्याचा कधी उल्लेख केला नाही.

कपाट समोरच्या थंड भिंतीला गेलं. खोलीचं कुलूप निघालं. उदगीरची रेष सलग चालू लागली. केरबा जूनमध्ये परत रुजू झाला. धम्मप्रिया अजून रिपोर्ट करते, पण ग्राफच्या खाली आता एक जागा मोकळी सोडते, 'तिथल्या माणसाचं म्हणणं'. ती भरल्याशिवाय कागद वर जात नाही. त्यासाठी फोन करावे लागतात, माणसं जेवायला गेलेली असतात, कुणी रेंजमध्ये नसतं, आणि रिपोर्टला उशीर होतो. राघवेंद्र सर कुरकुरतात, पण ती जागा कोरी असली तर तेच कागद परत पाठवतात.

सगळं जिथल्या तिथं बसलं असं मात्र नाही. केरबा पूर्वी न विचारता मशीन उघडायचा, वारा घालायचा, हाताशी येईल ते करायचा. आता तो कशालाच हात लावत नाही. रोज एकदा तरी नांदेडला फोन येतो.

"म्याडम, केरबा बोलून राहिलो. व्हरांड्यातली टूबलाइट लुकलुक करून राहिली. बंद करू का?"

"मामा, टूबलाइटला मला कशाला विचारता? करा की."

"न्हाई, तुम्ही करा म्हना."

पहिल्या पहिल्यांदा ती त्याला समजवायची, हसण्यावारी न्यायची. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की तो चेष्टा करत नाही आणि टोमणाही मारत नाही. त्याला खरंच कुणाचा तरी शब्द पाठीशी हवा असतो. आता ती हातातलं काम बाजूला ठेवते, पंख्याचं, नळाचं, टूबलाइटचं जे असेल ते पूर्ण ऐकून घेते.

"करा, मामा," ती म्हणते. "मी सांगितलंय म्हणून सांगा."